दोघांची दोन वर्षं

आंबिवलीतल्या एकोणीस वर्षांच्या मुलाचा दिवस कुणालाही डोळे मिटून सांगता येईल. सकाळी टिटवाळ्याहून भरून आलेल्या लोकलमध्ये कसंबसं शिरायचं, कल्याणला उतरायचं, मग कॉलेज, क्लास, संध्याकाळी नाक्यावर मित्र आणि रात्री उशिरापर्यंत मोबाइल. घर, आईच्या हातचं जेवण, मित्र आणि मोबाइल या चार खांबांवर हे वय उभं असतं. अमेरिकेतल्या युटा राज्यातला त्याच वयाचा मॉर्मन मुलगा हे चारही खांब दोन वर्षांसाठी सोडून देतो. ज्या गावाचं नावही कधी ऐकलेलं नाही तिथे जातो, येत नसलेली भाषा शिकतो आणि अनोळखी माणसांची दारं वाजवतो. पगार मिळत नाही. उलट खर्च घरचाच.

मॉर्मन हे लोकांच्या तोंडी रुळलेलं नाव. या पंथाचं अधिकृत नाव ‘द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’. जोसेफ स्मिथ यांनी ६ एप्रिल १८३० रोजी न्यूयॉर्क राज्यात त्याची स्थापना केली. पुढे छळ सोसत, स्थलांतर करत हे लोक पश्चिमेकडच्या सॉल्ट लेक सिटीत स्थिरावले. आज या चर्चचे पूर्णवेळ प्रचारक जगभर पसरलेले आहेत. २०२४च्या अखेरीस त्यांची संख्या ७४ हजारांवर होती. त्यांतले बहुतेक अठरा ते पंचविशीच्या आतले. मुलगे दोन वर्षांसाठी जातात, मुली दीड वर्षासाठी. पांढरा शर्ट, टाय, छातीवर काळी नावाची पट्टी आणि बरोबर तशाच वेशातला दुसरा मुलगा, अशी ही जोडी अमेरिकेत राहणाऱ्या अनेक मराठी कुटुंबांनी कधी ना कधी आपल्या दारात पाहिलेली असते.

कुठे जायचं हे मुलाने ठरवायचं नसतं. अर्ज केला की चर्चकडून बोलावणं येतं. पूर्वी ते टपालाने यायचं. सगळं घर, आजी-आजोबा, शेजारीपाजारी जमायचे आणि सगळ्यांसमोर पाकीट फोडलं जायचं. आता ते इंटरनेटवर येतं, पण घर जमायचं ते जमतंच. ब्राझील निघेल, फिलिपीन्स निघेल किंवा शेजारचंच आयडाहो राज्य निघेल. जागा स्वस्त असो की महाग, अमेरिकेतल्या कुटुंबाने भरायची रक्कम मात्र सारखीच: २०२० पासून महिन्याला ५०० डॉलर. टोकियोला जाणाऱ्या मुलाच्या आईबापांवर जास्त बोजा पडू नये म्हणून ही समान वाटणी. कित्येक मुलं शाळेत असल्यापासून सुट्टीत कामं करून त्यासाठी पैसे साठवतात.

मग येतं प्रशिक्षण. युटामधल्या प्रोव्हो शहरात त्याचं मोठं केंद्र आहे. नवी भाषा शिकायची असेल तर मुक्काम साधारण सहा ते नऊ आठवड्यांचा. पहिल्या दिवसापासून शिक्षक त्या भाषेतच बोलायला लागतो. इथे मुलाचं पहिलं नाव मागे पडतं. पुढची दोन वर्षं तो ‘एल्डर’ आणि पुढे आडनाव. अठरा वर्षांच्या पोराला वडीलधाऱ्याची पदवी! मुलींना ‘सिस्टर’ म्हणतात. जिवलग मित्रसुद्धा एकमेकांना आडनावानेच हाक मारतात आणि कित्येक आठवडे बरोबर काढूनही समोरच्याचं पाळण्यातलं नाव पटकन ओठांवर येत नाही.

दिवस साडेसहाला सुरू होतो. अर्धा तास व्यायाम, आंघोळ, न्याहारी. मग धर्मग्रंथाचं आणि भाषेचं वाचन. दहाच्या सुमाराला बाहेर पडायचं ते रात्री नऊपर्यंत. साडेदहाला दिवा बंद. २०१७ पासून देशोदेशीच्या रीतीप्रमाणे वेळा थोड्या मागेपुढे करायची मुभा मिळाली, पण सांगाडा तोच. सिनेमा नाही, प्रेमप्रकरण नाही, मोबाइल मिळाला तरी तो कामापुरता. आठवड्यातून एक दिवस, बहुतेक ठिकाणी सोमवार, सवडीचा. त्यातला अर्धा कपडे धुण्यात, किराणा आणण्यात आणि केस कापण्यात जातो. उरलेल्या वेळात फुटबॉल खेळा नाहीतर गाव बघा.

घरी फोन करण्याचा नियम फार कडक होता. वर्षातून दोनच वेळा, नाताळला आणि मदर्स डेला. बाकी पत्रं, नंतर आठवड्याचा ईमेल. फेब्रुवारी २०१९ मध्ये चर्चने हा नियम बदलला आणि दर आठवड्याला घरच्यांशी बोलायची परवानगी दिली. मुलाचा आवाज ऐकायला सहा-सहा महिने थांबलेल्या आयांनी या बदलाचं स्वागत कसं केलं असेल ते सांगायला नको.

या सगळ्या नियमांमध्ये एक नियम असा आहे की बाकीचे सगळे त्याच्या आधाराने उभे आहेत. मुलगा कधीही एकटा नसतो. चर्चने नेमून दिलेला जोडीदार चोवीस तास बरोबर. नजरेच्या आणि हाकेच्या टप्प्यात राहायचं, एकाच खोलीत झोपायचं, एकत्र शिजवायचं, एकत्र वाचायचं. आपला जोडीदार आपण निवडायचा नाही. त्या भागाचा मिशन प्रेसिडेंट तो ठरवतो. साधारण दर सहा आठवड्यांनी बदल्या होतात. कधी जोडी तशीच राहते, कधी एक जण बॅगा भरून दुसऱ्या गावी जातो. अशा रीतीने दोन वर्षांत प्रत्येकाच्या वाट्याला बरेच जोडीदार येतात. कुणी शेतकऱ्याचा मुलगा, कुणी वकिलाचा, कुणी टोंगा बेटावरचा, कुणी मेक्सिकोतला.

हे वाटतं तितकं सोपं नाही. एकाला पहाटे पाच वाजता जाग येते, दुसरा घोरतो. एक भांडी तशीच टाकतो. एकाला घराची आठवण येऊन रात्री रडू फुटतं आणि दुसऱ्याला काय बोलावं ते सुचत नाही. एकजण नियमाला चिकटून, दुसरा थोडा सैल. रुसून मित्राकडे निघून जावं तर मित्र तोच, आणि खोलीही तीच. यासाठी एक रीत घालून दिलेली आहे. आठवड्यातून एकदा दोघांनी समोरासमोर बसायचं, एकमेकांचं काय आवडलं ते सांगायचं, काय खटकलं ते सांगायचं, पुढच्या आठवड्याचं ठरवायचं आणि प्रार्थना करून उठायचं. विशीच्या आतल्या दोन मुलांनी न भांडता, न टोमणे मारता ‘तुझं हे मला लागतं’ असं तोंडावर सांगायला शिकणं ही मोठी कमाई आहे. आपल्याकडे लग्नाला वीस वर्षं झालेल्या माणसांनाही ते जमत नाही.

काहींना झेपत नाही. उमेद खचते, आजारपण येतं, मन उदास होतं आणि मुलगा मुदतीआधी परत येतो. ज्या गावात प्रत्येक घरातला मुलगा दोन वर्षं पुरी करून आलेला असतो तिथे अशा मुलाला तोंड दाखवणं जड जातं. चर्चने अलीकडे घरी राहून करायच्या सेवेचा मार्ग खुला केला आहे, त्याने काहींना आधार मिळाला. तरी ही जखम खरी आहे आणि तिच्याविषयी मॉर्मन कुटुंबं आता आधीपेक्षा मोकळेपणाने बोलतात.

हा पंथ भारतात आला तो आपल्या मुंबईतही आला, आणि फार लवकर आला. १८५२ साली ह्यू फिंडले नावाचा तिशीतला स्कॉटिश माणूस मुंबईच्या बंदरात उतरला. खिशात पैसा न ठेवता, मिळेल त्या घरी जेवून प्रचार करायचा अशी तेव्हाच्या मॉर्मन प्रचारकांची रीत होती. माधुकरी मागून विद्या करणारा विद्यार्थी आपल्या लोकांना माहीत होता. फिंडले जगत होते ते बरंचसं तसंच. शिवाय ते एकटे होते. पुण्याला जायचं तर होडीने पनवेल गाठायचं आणि पुढे खंडाळ्याचा घाट चढायचा. पुण्याच्या छावणीत प्रचार करायला लष्करी अधिकाऱ्यांनी त्यांना मज्जाव केला, म्हणून त्यांनी छावणीबाहेर बिऱ्हाड केलं. तरीही तिथे डझनभर माणसांची एक मंडळी उभी राहिली. त्यांत युरोपीय होते, मिश्र वंशाचे होते आणि एतद्देशीयही होते.

मुंबईत त्यांच्याविरुद्ध वर्तमानपत्रांनी झोड उठवली. ‘बॉम्बे गार्डियन’ या साप्ताहिकाला उत्तर म्हणून फिंडले यांनी पुस्तिका काढली. पुढे याच पत्राचे संपादक झालेले जॉर्ज बोवेन हेही परदेशीच, अमेरिकन मिशनरी. १८४८ साली ते मुंबईत आले, मिशनचा पगार सोडून देशी वस्तीत अगदी गरिबीत राहिले आणि १८८८ साली इथेच वारले. चाळीस वर्षांत एकदाही मायदेशी गेले नाहीत. एकाच शहरात, सारख्याच फाटक्या खिशाने राहणारी ही परदेशी माणसं. त्यांना मैत्र जोडता आलं असतं तर दोघांचेही दिवस सुसह्य झाले असते. पंथाची भिंत मध्ये होती.

१८५३ साली फिंडले यांचे धाकटे भाऊ ॲलन मदतीला आले, आणि एकट्याची जोडी झाली. पण तोवर अमेरिकेहून एक बातमी येऊन थडकली होती. ऑगस्ट १८५२ मध्ये सॉल्ट लेक सिटीत भरलेल्या अधिवेशनात मॉर्मन नेत्यांनी बहुपत्नीत्वाची चाल उघडपणे मान्य केली होती. गंमत अशी की भारतात नवे प्रचारक पाठवायचं ठरलं तेही याच अधिवेशनात. ते सॅन फ्रान्सिस्कोहून ‘मॉन्सून’ नावाच्या जहाजाने निघाले आणि एप्रिल १८५३ मध्ये कलकत्त्याला पोचले, तोवर त्यांच्या आधी ती बातमी पोचली होती. दारं धडाधड बंद झाली. त्या तुकडीतला एमॉस मिल्टन मसर जेमतेम बावीस-तेवीस वर्षांचा होता. ट्रुमन लिओनार्ड या जोडीदाराबरोबर तो मुंबईमार्गे कराचीला गेला. तिथल्या छावणीतही मज्जावच वाट्याला आला. बहुपत्नीत्वाची चाल चर्चने अधिकृतपणे सोडली ती १८९० साली. भारतातलं हे पहिलं मिशन त्याच्या कितीतरी आधी, १८५६च्या सुमाराला गुंडाळलं गेलं होतं.

फिंडले यांनी जाण्यापूर्वी, १८५५ साली, मराठ्यांना उद्देशून एक पुस्तिका छापली. तीन वर्षांच्या वास्तव्यात त्यांना इथला वाचक कोण हे कळलं होतं, एवढं त्यातून नक्की दिसतं. ते आले तेव्हा बोरीबंदर ते ठाणे रूळ टाकायचं काम चालू होतं. १८५३ मध्ये पहिली गाडी धावली, पुढच्या वर्षी ती कल्याणला आली आणि १८५५च्या ऑक्टोबरात आंबिवली-टिटवाळ्याच्या शिवारातून वाशिंदपर्यंत गेली. तोवर फिंडले समुद्रावर किंवा समुद्रापार होते.

मॉर्मनांच्या आधीही या रस्त्याने परदेशी तरुण गेले होते. ११ फेब्रुवारी १८१३ रोजी गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे पंचविशीतले दोन अमेरिकन मुंबईत उतरले. वेगळ्या पंथाचे, पण जोडीने आलेले. कंपनी सरकारने त्यांना परत पाठवायचा घाट घातला. ते कोचीनला निसटले, पुन्हा आणले गेले आणि अखेर परवानगी मिळाली. दोन वर्षांत नॉट यांची प्रकृती ढासळली आणि ते परतले. हॉल मराठी शिकले, शाळा काढल्या, बायबलच्या ‘नव्या करारा’चं मराठी भाषांतर केलं. १८१८ मध्ये आलेले त्यांचे सहकारी जॉन निकोल्स ठाण्यात राहून काम करत. १८२६च्या मार्च महिन्यात हॉल नाशिक भागात गेले. तिथे पटकीची साथ होती. बरोबरची औषधं रोग्यांना वाटून संपली आणि परतीच्या वाटेवर त्यांनाच पटकीने गाठलं आणि ते वारले. वय एकेचाळीस. सोबत होती ती दोन मुलांची.

आणखी पाचशे वर्षं मागे गेलं तरी ठाण्यात हेच चित्र दिसतं. १३२१ साली ठाण्यात चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले. त्यांच्याबरोबर आलेला जॉर्डानस नावाचा डॉमिनिकन प्रचारक त्या वेळी दुसऱ्या गावी होता, म्हणून वाचला. नंतर त्याने आपल्या लोकांना लिहिलेली पत्रं टिकून आहेत. त्यांत तो आपल्या एकटेपणाचं दुःख सांगतो आणि सोबती पाठवा म्हणून विनवतो. मॉर्मनांच्या जोडीच्या नियमाकडे निव्वळ शिस्त किंवा पाळत म्हणून पाहणाऱ्याने ही पत्रं आठवावीत. परक्या मुलखात एकटेपणा माणसाला कसा पोखरतो हे आपल्याच ठाण्यात सातशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलेलं आहे.

जोडीदाराशी मैत्री होते ती नियमामुळे. इथल्या माणसांशी मैत्री व्हायला दुसरं काही लागतं, आणि त्याची सुरुवात बहुधा खाण्यापिण्यापासून होते. मॉर्मन माणूस चहा पीत नाही, कॉफीही नाही. दारू आणि तंबाखू तर नाहीच. १८३३ पासूनची ही शिकवण. आता मराठी घराची कल्पना करा. पाहुणा आला की पाण्यापाठोपाठ चहा. ‘घोटभर तरी घ्या’ म्हणणारी मावशी नकार ऐकून घेत नाही. नकाराचा अर्थ तिच्या लेखी ‘घर आवडलं नाही’ असा होतो. तिथे त्या मुलाला समजावून सांगावं लागतं. मावशीला एकदा कळलं, की ती दुसऱ्या वेळी कोकम सरबत करते, तिसऱ्या वेळी ताक, आणि चौथ्या वेळी त्याला विचारल्याशिवाय पोहे समोर ठेवते. उपवास, सोवळं आणि ‘आमच्यात कांदा-लसूण चालत नाही’ हे सगळं जन्मापासून पाहिलेल्या माणसांना खाण्यापिण्याचं पथ्य परकं वाटत नाही.

आजच्या भारतात हा पंथ छोटा आहे. सभासद पंधरा हजारांच्या आसपास. त्याचा विस्तारही रस्त्यावरच्या प्रचारापेक्षा नात्यागोत्यातून झाला. १९७८ साली सामोआ बेटावर राहणारं धर्मराजू दांपत्य प्रचारक म्हणून हैदराबादला आपल्या माणसांत आलं आणि त्यांचे नातेवाईक या पंथात आले. बेंगळुरूला १९९३ मध्ये आणि दिल्लीला २००७ मध्ये स्वतंत्र मिशन सुरू झालं. २०१८ मध्ये बेंगळुरूत मंदिर बांधण्याची घोषणा झाली. आता इथे सेवा करणाऱ्यांत भारतीय मुलं-मुली मोठ्या संख्येने असतात. आंध्रातला मुलगा दिल्लीत जातो तेव्हा तोही परमुलखातच असतो: भाषा वेगळी, थंडी वेगळी आणि भाताऐवजी ताटात पोळी.

धर्मांतराचा प्रश्न टाळून हा विषय लिहिणं प्रामाणिकपणाचं होणार नाही. ही मुलं समाजसेवेसाठी बाहेर पडत नाहीत. आपला धर्म लोकांनी स्वीकारावा हा त्यांचा उघड हेतू असतो. राज्यघटनेचं पंचविसावं कलम धर्माचा प्रचार करण्याचं स्वातंत्र्य देतं, आणि दुसऱ्याचं धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क त्यात येत नाही असं सर्वोच्च न्यायालयाने १९७७च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात सांगितलं. परदेशी प्रचारकाला त्यासाठीचा व्हिसा घ्यावा लागतो. या चौकटीत राहून कुणी आपलं म्हणणं सांगत असेल तर ते ऐकायचं की नाही हे दार उघडणाऱ्याने ठरवावं. बहुसंख्य दारं बंदच होतात. मिट रॉम्नी पुढे अमेरिकेच्या अध्यक्षपदाचे उमेदवार झाले. विशीच्या उंबरठ्यावर ते फ्रान्समध्ये प्रचारक होते आणि वाइन पिणाऱ्या त्या देशात नकार ऐकणं हाच त्यांचा रोजचा अनुभव होता.

पण नकार देणारा देशही या मुलांना काहीतरी देऊन जातो. दोन वर्षांनी घरी परतणारा मुलगा नवी भाषा घेऊन येतो, त्या देशातलं जेवण करायला शिकून येतो, तिथल्या एखाद्या आजीला सणाला फोन करतो. युटामधल्या स्पॅनिश फोर्क गावी राधाकृष्णाचं मोठं मंदिर उभं राहिलं तेव्हा मॉर्मन चर्चने त्याला २५ हजार डॉलर दिले. तिथल्या होळीला जी तरुण गर्दी रंगात न्हाऊन निघते तिच्यात मॉर्मन विद्यार्थी भरपूर असतात. सॉल्ट लेक सिटीजवळच्या साउथ जॉर्डनमध्ये गणेशाचंही मंदिर आहे. टिटवाळ्याच्या महागणपतीला नेमाने जाणारं आपल्याकडचं कुटुंब नोकरीनिमित्त तिकडे गेलं, तर त्याला शेजार मिळतो तो बहुधा अशाच परतून आलेल्या प्रचारकांचा.

मराठीपुरतं बोलायचं तर परदेशी प्रचारक आणि इथली माणसं यांच्या मैत्रीचं सगळ्यांत मोठं फळ जस्टिन ॲबट यांच्या कामात दिसतं. ॲबट मॉर्मन नव्हते. हॉल आणि नॉट यांनी सुरू केलेल्या अमेरिकन मराठी मिशनचे ते. १८८१ पासून जवळजवळ तीस वर्षं ते मुंबईत होते. निवृत्त होऊन अमेरिकेला गेल्यावर त्यांनी मराठी संतांची चरित्रं इंग्रजीत आणायचं काम हाती घेतलं. भानुदास, एकनाथ, बहिणाबाई, तुकाराम, रामदास असे एकेक ग्रंथ १९२६ पासून येत राहिले. महिपतींच्या ‘भक्तिविजया’चं भाषांतर त्यांनी पंडित नरहर गोडबोले यांच्यासह केलं. १९३२ साली ॲबट वारले आणि ‘भक्तिविजय’ त्यानंतर प्रकाशित झाला. मुखपृष्ठावर दोघांचीही नावं आहेत. ज्यांचा धर्म बदलायला ॲबट आले होते त्यांचेच संत त्यांनी आयुष्याच्या अखेरीस जगापुढे ठेवले, आणि ते गोडबोल्यांच्या सोबतीने ठेवले.

न्यूजर्सीत किंवा टेक्सासमध्ये राहणाऱ्या मराठी घरात अशी जोडी आली तर त्यांचा ग्रंथ घ्यायलाच हवा असं नाही. ‘आम्हाला धर्म बदलायचा नाही’ हे सरळ सांगावं. तो नकार ऐकायची त्यांना सवय असते. चहा विचारू नये, गार पाणी द्यावं, उन्हाचे दिवस असतील तर पन्हं द्यावं. आणि वेळ असेल तर कोणत्या गावचे, घरी कोण कोण आहे आणि या जोडीदाराबरोबर किती आठवडे झाले, हे विचारावं. बहुतेक दारांत त्यांना यांतलं काहीच कुणी विचारत नाही.